हाकेला ओ

बुएनोस आयरेस, अल्माग्रो भाग, चौथा मजला.
जाळीच्या दाराची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकते,
म्हणून केबलची भेंडोळी मी खांद्यावरून नेते.
जुलै. बोटं गारठलेली. खिडक्या काढून नेल्यात,
त्यांच्या जागी प्लॅस्टिक फडफडतंय.

मालकीण सोलेदाद. वय बत्तीस,
बोलते गोड, पैसे वेळेवर देते
(हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून
तिच्यावर उगाच राग धराल).
तिला हवी एकच मोठी खोली,
रांधता रांधता पाहुण्यांशी बोलता यावं अशी.
भिंत पाडायची, ओटा मधोमध,
आणि स्वयंपाकघरामागची ती चिंचोळी खोली,
जुन्या नकाशावर जिचं नाव नुसतं ‘सेवा’,
तिथे वॉशिंग मशीन, त्यावर ड्रायर.

मी वायरमन. बाई असले तरी वायरमनच, बावीस वर्षं.
भिंतीच्या पोटात काय आहे ते बोटांना कळतं.
इथे लोखंडी नळ्या, आत कापड गुंडाळलेल्या तारा,
हात लागताच कापडाचा भुगा.
एकेक तार कुठून कुठे जाते ते शोधायचं,
खुणेची पट्टी लावायची, मग कापायची.
तारेला वय असतं, लाज नसते.
ज्याने जोडून घेतली त्याच्या मनातलं सांगून टाकते.

एक तार कुठल्याच दिव्याला जाईना.
जेवणघरातली लाकडी फरशी उचकटली
तर खाली पितळी बटण, नाण्याएवढं,
मधोमध झिजून खोलगट झालेलं.
टेबलाखाली, यजमानाच्या उजव्या पायाशी.
हात न हलवता, बोलणं न तोडता
सूप संपल्याचं कळवायची सोय.

गंमत म्हणून बॅटरी जोडली.
दाबलं.
मागच्या खोलीत, दारावर, रंगाच्या सात थरांखाली
काहीतरी खरखरलं,
घंटा कसली, घशात अडकलेला आवाज,
आणि रुफिनो उठून उभा राहिला.

रुफिनो बेनेगास, गवंडी, चौसष्ट वर्षांचा, मूळचा पाराग्वेचा.
सिमेंटच्या गोणीवर बसून जेवत होता.
तोंडात पाव होता, म्हणून ओ पायांनी दिली.
उभा, हात मांडीला पुसत, दाराकडे तोंड करून.
मग त्याचं त्यालाच कळलं,
आणि तो चौकट मोजायला उठल्यासारखं करू लागला.

मी काही विचारलं नाही.
तोच म्हणाला, मोजपट्टी शोधता शोधता:
“अशाच खोलीत नऊ वर्षं काढली. आईबरोबर.
माझं अंथरूण तिच्या खाटेखाली.
रात्री हे वाजलं की आधी तिचे पाय दिसायचे.”
मग ग्वारानीत काहीतरी पुटपुटला,
ते माझ्यासाठी नव्हतं.

नंतर, मी मीटरपाशी असताना, हाक आली,
“पोरी, बॅटरी आहे ना अजून?”
त्याने गोणी ओढत जेवणघरात नेली होती,
बरोबर यजमानाच्या जागी.
बसला. टोपी काढली. पाठ ताठ.
बूट पुढे केला.

मागे खरखर.
थांबला. पुन्हा दाबलं,
या वेळी लांबलचक.
कुणी आलं नाही.
कुणी येत नाहीये हे
आम्ही दोघं बराच वेळ ऐकत राहिलो.

“बरं,” तो म्हणाला. “काप आता.”

संध्याकाळी सोलेदादला ते बटण फार आवडलं,
फ्रेम करून लावू म्हणाली, तेवढ्यात तिला फोन आला.
जाताना म्हणाली, इथे जमिनीलगत एक सॉकेट हवं,
झाडू मारणारं यंत्र मागवलंय,
काम झालं की आपलं आपण जागेवर जाऊन बसतं.
मी मोजून खूण केली,
बटणापासून चार बोटं.

दुसऱ्या दिवशी बटण नव्हतं.
खड्डा बुजवलेला, इतका सफाईदार
की हात फिरवूनही सापडेना.
त्या कामाचे पैसे रुफिनोने
बिलात लावले नाहीत.